पाच नंबरचे बूट

बॅग साडेचोवीस किलो भरली आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडले. वजनाचा हुकवाला काटा कुदळवाडीतल्या एका भंगारवाल्याकडून मागून आणला होता, म्हणून आईचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तेवीसच्या वर चालत नाही असं मी दहा वेळा बजावलं होतं, तरी तिने शेंगदाण्याची चटणी दोन ठिकाणी लपवलेली सापडलीच. दुपारचे बारा वाजले होते. मुंबईला नेणारी गाडी कोपऱ्यावर उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता आणि विहारातल्या बायका मला निरोप द्यायला दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. नेमक्या त्याच वेळी बाबा माळ्यावर चढले आणि पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन उतरले.

"हे राहिलंच की," ते म्हणाले.

खोक्यात कंपनीचे सेफ्टी शूज होते. काळे, जाड, पुढे बोटांवर पोलादाची टोपी असलेले, अगदी कोरे. माप पाच, म्हणजे माझं.

"बर्फात घसरायचं न्हाई, माय. ह्याच्याहून दणकट बूट दुनियेत न्हाई."

बूट आत गेले आणि कुकर बाहेर आला. पहिले दोन महिने मी तिकडे पातेल्यात डाळ शिजवली, ती बाबांच्या बुटांच्या कृपेने. तेव्हा मला एक साधा प्रश्न पडायला हवा होता: आठ नंबरचा पाय असलेल्या माणसाकडे कंपनीच्या स्टोअरमधून पाच नंबरचे बूट आले कुठून? पण निघणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. त्याला फक्त गाडी दिसत असते.

चिखलीत राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बॅगा भरून कुठेकुठे गेलेल्यांनो, सेफ्टी शूजचं आपल्याकडे काय मोल आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या गल्लीत लग्न असलं की मांडवाच्या दारातल्या ढिगात अर्धे जोड कंपनीचे असायचे, पॉलिश मारलेले. बाबा माझ्या शाळेतल्या पालकसभेला तेच घालून यायचे. माझ्यासाठी मुलगा बघायला गेले तेही त्याच बुटांत. वर्षाला एक जोड मिळायचा. नवा आला की तो कामाला आणि जुना समारंभाला. मला लहानपणी त्या खाडखाड आवाजाची लाज वाटायची. सोसायटीतल्या मैत्रिणींच्या वडिलांचे बूट आवाज करत नसत.

कॅनडात मी जिथे उतरले ते गाव टोरांटोपासून बसने सात-आठ तास उत्तरेला आहे. एकेकाळी चांदीच्या खाणींवर वाढलेलं. चांदी संपली, माणसं गेली, आणि रानात लाकडी मनोरे आणि बिनछपराच्या भिंती तेवढ्या उरल्या. दोन वर्षं तिथल्या कॉलेजात शिकले आणि आता खाणींच्या मशिनांचे भाग बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात क्वालिटीला आहे. चाकणलाही क्वालिटीलाच होते. तेव्हा फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढायचे, आता ड्युटीला जायच्या आधी गाडीवरचा बर्फ खरवडते. मापं घ्यायचा कॅलिपर तोच, फक्त आता हातमोज्यांत धरावा लागतो.

पहिल्या हिवाळ्यात मी ते बूट घातले. उणे पंचवीसमध्ये बसची वाट बघत उभी राहिले आणि वीस मिनिटांत बोटं आहेत की नाहीत ते कळेना. पोलादाची टोपी आतून बर्फाहून गार झाली होती. वर त्या तळव्यांना तेलावर न घसरण्याची सवय. बर्फ म्हणजे काय ते त्यांना माहीतच नव्हतं. कॉलेजच्या दारात चार माणसांसमोर मी सपशेल आडवी झाले. कॅन्टीनमधल्या बाईने माझे पाय बघितले आणि कपाळावर हात मारला. "पोलाद थंडी ओढून घेतं, पोरी. काढून टाक ते," एवढंच ती म्हणाली.

त्या शनिवारी मी ते बूट जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या दानपेटीत टाकले. रविवारी दुकान बंद होतं. सोमवारी परत आणायला गेले, तर कुणीतरी घेऊन गेलं होतं.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. "बूट घालायलीस ना?"

"घालते ना, बाबा. एकदम मस्त आहेत."

एवढं एक वाक्य. वेळ मारून नेली असं वाटलं होतं. पण बाबा दर नोव्हेंबरला विचारायचे, आणि मी दर नोव्हेंबरला तेच सांगायचे. एकदा म्हणाले, बर्फात बूट घालून उभी राहा आणि फोटो पाठव, मित्रांना दाखवायचाय. मी गुडघ्यांपर्यंतचा फोटो पाठवला. आईने विचारलं, "फोटोत पाय का नाहीत गं?" मी म्हटलं, बर्फात रुतलेत.

सहाव्या हिवाळ्यात बाबा स्वतःच आले. आई आली नाही. भावाचं बाळ लहान होतं आणि तिचं म्हणणं, गारठायचंच तर इंद्रायणीकाठी डिसेंबरात मिळतं की तेवढं. बाबांना मात्र बर्फच बघायचा होता. "उन्हाळ्यात येऊन काय सांगू लोकांना? झाडं बघितली?" ते आले ते पायात सेफ्टी शूज घालूनच. मुंबई, मधलं एक विमानतळ आणि पुढचं छोटं विमान पकडताना टोरांटो, तिन्हीकडे तपासणीची कमान किंचाळली, तिन्हीकडे त्यांना बूट काढायला लावले आणि तिन्हीकडे त्यांनी ते अभिमानाने काढून दाखवले.

मी घराच्या दारातल्या बुटांच्या रांगेत आणखी दोन जोड मांडून ठेवले होते, त्यांनी दिलेले बूट नाहीत हे कळू नये म्हणून. इतकी मी तयारी केली होती. त्यांनी आल्या आल्या त्या रांगेवरून नजर फिरवली आणि आपले बूट शेवटी मांडले. मला हुश्श झालं, आणि हुश्श झाल्याचा रागही आला.

त्यांना घेऊन मी ज्या वाटेने गेले ती वाट रानातून जुन्या खाणीकडे जाते. उन्हाळ्यात तासाभराची. आदल्या दिवशी थोडं ऊन पडून बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला होता, त्यामुळे वाट काचेसारखी झाली होती. बुटांवर चढवायचे काट्यांचे रबरी पट्टे मी दोन जोड आणले होते. बाबांच्या बुटाच्या त्या रुंद टोपीवर रबर काही चढेना. मी ओढलं, त्यांनी ओढलं, शेवटी एक पट्टा तटकन तुटला. मी परत फिरू म्हटलं.

"आलोय तर जाऊ थोडं. कंपनीचा बूट हाय, त्याला आनखी काय पायजे?" मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मी अस्तराचे गरम बूट घातले होते. "तुझे कुठं हायत?"

"कामावर ठेवलेत."

"हां. कामाच्या जागीच पायजेत ते." त्यांना बरं वाटलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

चालताना ते बोलत होते आणि मी त्यांचं कोपर धरून होते. खाण म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मोशीची दगडखाण येते. परभणीकडून आले तेव्हा पहिले पाच महिने त्यांनी तिथे दगड फोडले, हे मला ठाऊक होतं. पण ते सगळे महिने पायात टायरच्या चपला होत्या आणि दगडाच्या कपच्या उडून पाय रक्ताळायचे, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "मग कंपनीत लागलो. पगार महिन्यानं झाला, पर बूट पहिल्याच दिवशी दिले. म्या तिथंच बाकड्यावर बसून घातले आन उठलोच न्हाई बराच वेळ. बघतच बसलो पायांकडं."

हे ऐकत मी त्या काचेवरून चालत होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

खाणीचे अवशेष दिसले आणि बाबांची चाल बदलली. विहिरीवर उभा करतात तसा खाणीच्या तोंडावरचा लाकडी मनोरा, त्याच्याभोवती जाळी, पलीकडे गंजलेला बॉयलर आणि सिमेंटच्या भिंती. तिथे माहिती देणारी पाटी होती, पण बाबांना पाटी लागलीच नाही. "इथं कॉम्प्रेसर आसंल, हे बघ फाउंडेशनचे बोल्ट. आन ही खिडकी दिसतीय ना, हे टाइम ऑफिस. हितं हजेरीचं टोकन घ्यायचं, मंग आत." भिंतीत खुंट्यांची रांग होती. ती खरोखरच कामगारांची कपडे बदलायची खोली होती. बाबांनी एकेका खुंटीला बोट लावलं. "परत्येकाची ठरल्याली आसती. दुसऱ्याची घेतली की भांडणं." हसले. तीस-बत्तीस वर्षं एका खुंटीवर शर्ट अडकवलेला माणूस त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत होता.

त्या खोलीतून बाहेर पडताना उंबऱ्यापाशीच त्यांचा पाय सटकला. मी धरेपर्यंत ते धप्पकन बसले. हाड वगैरे शाबूत होतं, लागलं होतं फक्त अभिमानाला. पण उठवायला गेले तर म्हणाले, "थांब जरा. उजव्या पायाची बोटं कळंनात मला."

मी त्यांना पुन्हा आत, भिंतीच्या आडोशाला बसवलं आणि बूट काढले. बोटं पांढरीफटक. मी माझ्या जाकिटाची चेन उघडली आणि त्यांचे दोन्ही पाय पोटाशी धरले. ते संकोचाने ओढून घ्यायला लागले. "आगं, पाय हायत माझे." मी सोडले नाहीत. मी लहान असताना आजारी पडले की ते माझे तळपाय हाताने चोळायचे, त्या हातांना कायम मशीनवरच्या कटिंग ऑइलचा वास असायचा.

बाजूला त्यांचा बूट उलटा पडला होता. मी क्वालिटीवाली, माझी नजर आधी खुणांकडे जाते. सेफ्टी शूजच्या तळव्यावर एक लहानसं गोल असतं, त्यात बनवल्याचं वर्ष आणि महिना उठवलेला असतो. तळवा झिजून गुळगुळीत झाला होता, पण टाचेजवळचं गोल वाचता येत होतं. मी घर सोडलं त्याच्या आदल्या वर्षीचं होतं ते. आणि बाबा मी गेल्यावर दहा महिन्यांनी रिटायर झाले होते.

"बाबा, हे शेवटच्या वर्षीचे नाहीत."

"न्हाईत."

"मग शेवटच्या वर्षीचे कुठे गेले?"

"तुला दिले की," ते सहज म्हणाले. "स्टोअरवाल्याला म्हणलं, अवंदा पाच नंबर लिही. तो म्हणाला, पाय बारीक झाला का तुमचा? म्हणलं, व्हय, वय झालं."

म्हणजे शेवटचं सबंध वर्ष माझा बाप तेलाने माखलेल्या फरशीवर झिजलेल्या तळव्यांनी उभा होता. आणि ज्या बुटांसाठी उभा होता ते मी पहिल्याच हिवाळ्यात दानपेटीत टाकले होते.

मला रडू फुटलं. बाबा घाबरले, त्यांना वाटलं पाय फार बिघडला. मग मी त्यांचे पाय पोटाशी धरूनच सगळं सांगितलं. बसस्टॉप, दानपेटी, सोमवार, गुडघ्यांपर्यंतचा फोटो. कामावर ठेवलेत, हे तासापूर्वीचं सुद्धा.

ते खुंट्यांकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुणाच्या पायात गेले आसतील?"

"माहीत नाही."

"पाच नंबर म्हंजे एखाद्या बाईच्याच. उन्हाळ्यात तरी घालत आसंल." स्वतःशीच मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज ही बोटं मेली तवा मला कळलं होतं. म्हणलं, पोरगीनं पहिला हिवाळा कसा काढला आसंल ह्याच्यात. बुटांचं काय न्हाई, माय. बूट चुकीचेच दिले म्या. पर कामून सांगितलं न्हाईस? तू हिकडं गारठायलीस, पडायलीस, आन म्या तिकडं चहा पीत लोकांना सांगायलो, पोरीचं झ्याक चाललंय. काळजी करायचीबी ठेवली न्हाईस माझ्याकडं."

परदेशात आलेल्यांनो, हे मी खास तुमच्यासाठी लिहिते आहे. आपण सगळे हेच करतो. तिकडच्यांना त्रास नको म्हणून पायांविना फोटो पाठवतो. आणि आपल्याला वाटतं आपण त्यांना सुख देतो आहोत. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसलं ते मला पुन्हा बघायचं नाही. इतक्या वर्षांत कुणी त्यांना कामावरून काढलं नव्हतं. मी काढलं होतं.

"तुम्ही तरी कुठे सगळं सांगता?" मी नाक पुसत म्हटलं. माझ्या स्वभावाप्रमाणे भांडायलाच निघाले.

ते हसले. डावं मनगट पुढे केलं. ते जरा वाकडं आहे. मला फोनवर सांगितलं होतं की मोटारसायकलवरून पडले. "त्याच वर्षी घसरलो होतो प्रेस मशीनपाशी. तुझ्या आईलाबी खरं सांगितलं न्हाई. तूबी सांगू नको."

बोटांत रंग आला तेव्हा मी माझे जादा लोकरीचे मोजे त्यांना चढवले आणि वर त्यांचे बूट. पण परत जायचं कसं हा प्रश्न होताच, सगळा उतार. बाबांनी पँटच्या खिशात हात घातला आणि बनियन क्लॉथ काढलं. कंपनीत हात पुसायला बनियनच्या कापडाचे तुकडे मिळतात, ते. रिटायर होऊन चार-पाच वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात एक असतंच. रुमाल म्हणून वापरतात, आई ओरडते. त्यांनी ते दातात धरून उभं फाडलं आणि बुटांच्या तळव्यांखालून घेऊन वर घट्ट गाठी मारल्या. मी म्हटलं, हे काय करताय? म्हणाले, "तेलाच्या फरशीवर मशीन धुवायला चढायचो तवा आसंच बांधायचो. ओल्यावर कापड धरतंय, रबर न्हाई धरत."

मी माझं डोकं खाजवलं. कारण खरंच, ते कापड त्या बर्फावर धरत होतं. बाबा एक पाऊल टाकायचे, दाबून बघायचे, मग दुसरं. दहा पावलांनी त्यांना भरवसा आला आणि त्यांनी माझं कोपर धरलं. आता कोण कुणाला उतरवतंय ते सांगणं कठीण होतं. मनोरा मागे पडला, ऊन कलत होतं, आणि आम्ही दोघं फाटक्या बनियनच्या भरवशावर कॅनडातल्या एका रानातून खाली येत होतो. वाटेत एक जोडपं भेटलं, नीटनेटक्या काठ्या वगैरे घेऊन. त्यांनी बाबांच्या पायांकडे बघितलं. बाबांनी मान उंच करून त्यांना "हॅलो" केलं.

पुढे तीन आठवडे ते राहिले. मी त्यांना गरम बूट घेऊन दिले, ते त्यांनी रोज घातले आणि रोज म्हणाले की फार हलके आहेत. परतताना ते घालूनच गेले. सेफ्टी शूज माझ्या दारात ठेवून गेले. "कमान वाजती," म्हणाले, "उगं तीनदा काढा-घाला." दोघांनाही माहीत होतं की हे कारण नव्हे.

पूर्वी मला कुणी विचारलं, घर कुठलं, की मी चिखली म्हणायचे. चिखली आता मला सापडत नाही. गेल्या वेळी गेले तर आमच्या घरामागची ज्वारीची पट्टी जाऊन तिथे बारा मजले उभे होते, आणि मी माझ्याच गल्लीत रिक्षावाल्याला पत्ता विचारला. इथेही, भाड्याच्या दोन खोल्यांना घर म्हणताना जीभ अडखळते. बरीच वर्षं मला वाटायचं, आपलं घर म्हणजे मधलं कुठलं तरी विमानतळच आहे.

या हिवाळ्यात जानेवारीतल्या एका सकाळी कामाला निघाले आणि दारातल्याच पायऱ्यांवर पाय सटकला. तीन पायऱ्या बसत बसत खाली आले. डबा उघडून पोहे बर्फावर पसरले. आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नाही ना. मग उठायच्या आधीच फोन काढला. चिखलीत संध्याकाळ होती. मागे आईच्या कुकरची शिट्टी ऐकू आली आणि जनरल शिफ्ट सुटून आलेल्या बसचा हॉर्न.

"बाबा, मी पडले."

"लागलं का?"

"लागलं."

"कुठं? नीट सांग," ते म्हणाले. आईला हातानेच गॅस बंद करायला सांगितलं असणार, कारण शिट्टी थांबली. मी पोह्यांच्या शेजारी बर्फात बसून त्यांना सगळं नीट सांगितलं.